भास्करभाऊंच्या दोन ओळी

परवा दुपारी मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. उचलला तर आतून भरदार आवाज, "नमस्कार! मी आपला सेवक बोलतोय..." कुठल्याशा पुढाऱ्याच्या सणाच्या शुभेच्छा होत्या, यंत्रातून सोडलेल्या. मी आपली सवयीनं "हां, नमस्कार साहेब" म्हणाले आणि मग माझं मलाच हसू आलं. पलीकडे माणूसच नव्हता. हसू ओसरलं तसे भास्कर वेखंडे आठवले आणि मेथी तशीच राहिली.

भास्करभाऊ एका पुढाऱ्याचे पीए होते. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत त्या पुढाऱ्याचा शब्द चालायचा. नाव घेत नाही. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणायचो, इथंही तेच म्हणते. शहापूरच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर साहेबांचं कार्यालय होतं. तिथं मी काही वर्षं संगणकावर अर्ज, निवेदनं, शिफारसपत्रं टाईप करायचं काम केलं.

कामाला लागले त्या पहिल्या सकाळी बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. आतून साहेबांचा आवाज येत होता. सभांमधून ऐकलेला, ओळखीचा. "अहो, पोराचं ॲडमिशन होईल, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका, काय?" मी ओढणी सारखी करून दाराशी उभी राहिले. उभी राहिले ती बराच वेळ. शेवटी आतून बाहेर आले ते एक उंच, बारीक, खांद्यात थोडे वाकलेले गृहस्थ. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन फोन, हातात चहाचा रिकामा पेला.

"उभ्या का ताई? बसा ना."

"साहेब आत आहेत ना?"

"साहेब कल्याणला गेलेत." मग माझ्या तोंडाकडे पाहून ते चांगलेच लाजले. "ते... मीच बोलत होतो."

हे असं कसं सुरू झालं ते त्यांनी पुढे सांगितलं. साहेब नवे नवे निवडून आले तेव्हा लोक वेळी-अवेळी फोन करायचे. भाऊ म्हणायचे, साहेब बैठकीत आहेत, निरोप देतो. पण लोकांचं निरोपावर समाधान व्हायचं नाही. त्यांना साहेबच हवे असायचे, अर्धं मिनिट का होईना. एकदा साहेब तापानं फणफणले होते आणि फोन थांबत नव्हता. ते कावून म्हणाले, "भास्कर, तूच बोल ना रे माझ्या नावानं. कोणाला कळतंय?" भाऊ बोलले. कोणाला कळलं नाही. तेव्हापासून साहेबांच्या नंबरवर येणारे निम्मे फोन भाऊच घ्यायचे, आणि तेही साहेब होऊन.

साहेबांना वाक्याच्या शेवटी 'काय?' म्हणायची लकब होती. थोडा दम, थोडा लाड. ती लकब भाऊंच्या अंगात इतकी मुरली होती की चहावाल्यालासुद्धा ते "दोन कटिंग पाठव, काय?" म्हणायचे. एकदा ते बायकोशी बोलत होते आणि फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मला पलीकडचं ऐकू आलं. "घरातल्या माणसांशी तरी स्वतःच्या तोंडानं बोला." भाऊंनी फोनचा आवाज कमी केला. मग हळूच म्हणाले, "बरं." तेवढा 'बरं' त्यांचा स्वतःचा होता.

बायको कल्याणला. मूळ गाव किन्हवली, तिथं घर, थोडी भातशेती. मुलाच्या शिक्षणासाठी कल्याणला भाड्याची जागा घेतली, मग तिथंच फ्लॅट झाला. भाऊ शहापूरला कार्यालयामागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी कल्याणला जायचे. पुढे साहेबांचे शनिवार-रविवार हळदी आणि क्रिकेटच्या सामन्यांत जायला लागले, तसं भाऊंचं जाणं महिन्यावर गेलं, मग सणावर. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, नातवंड झालं, बायको त्याच्याकडे गेली. भांडण कधीच नव्हतं. कोणी कोणाला टाकलं नव्हतं. एका दिवाळीनंतर ते परत आले तेव्हा मी विचारलं, "कशी झाली दिवाळी?" तर म्हणाले, "छान झाली. फक्त ताई, मी दारात गेलो की मला पाणी विचारतात. पाहुण्याला विचारतात तसं. घरच्या माणसाला कोण पाणी विचारतं?" आणि हसून त्यांनी फोन उचलला, "हां बोला, मीच बोलतोय!"

पण साहेबांना भाऊंची खरी गरज लागायची ती दोन ओळींसाठी. भाषण साहेब कितीही वेळ ओढू शकत, पण सुरुवात त्यांना जमत नसे. गाडीत बसता बसता ते म्हणायचे, "भास्कर, दोन ओळी दे." शाळेचं उद्घाटन असो, कोणाचा सत्कार असो, कोणाचा दहावा असो. दोन ओळी.

या ओळी भाऊंना खुर्चीत बसून सुचत नसत. ते उठायचे आणि समोरच्या सुरेशच्या सलूनमध्ये दाढी करायला जायचे. एका दिवशी तीन कार्यक्रम असले तर तीनदा. गालावर काही शिल्लक नसायचं. सुरेश नुसता फेस लावायचा आणि वस्तऱ्याची उलटी बाजू फिरवायचा. मी एकदा सुरेशला थट्टेनं म्हटलं, "तुझं बरंय, एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालतं." तो म्हणाला, "तिसऱ्या खेपेचं मी काय घेत नाय ताई. दाढी नसतेच त्यांना. डोळे मिटून बसतात. मी पण मग सावकाश करतो."

माझे मामेसासरे वारले तेव्हा त्या ओळींचा मला घरचा अनुभव आला. नाना मुरबाडला राहायचे, सगळी उमर एसटी चालवण्यात गेली. दहाव्याला नदीवर चार गावचे लोक. आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं झाल्याशिवाय पिंडाला कावळा शिवत नाही म्हणतात. जो उठला तो म्हणाला, नाना मनमिळाऊ होते, कुटुंबवत्सल होते, त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. भाऊ मागच्या बाजूला माझ्या मामेसासूजवळ उकिडवे बसले होते आणि हलक्या आवाजात काहीतरी विचारत होते. मग ते साहेबांच्या कानाला लागले. साहेब उठले आणि म्हणाले, "नाना झोपेतसुद्धा हातानं गाडी वळवायचे, असं आत्ता मला मामींनी सांगितलं. माळशेजचं प्रत्येक वळण त्या हातांत होतं. त्या वळणांवरून आपली किती माणसं सुखरूप घरी आली, ती नानांनी कधी मोजली नाहीत."

मामी हंबरडा फोडून रडल्या. दहा दिवसांत त्या रडल्या नव्हत्या. मी मागे वळून पाहिलं तर भाऊ एका बाभळीखाली उभे होते आणि साहेबांबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

परतताना मी म्हटलं, "भाऊ, फार चांगलं लिहिलंत."

"साहेब चांगलं बोलले," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचा मोठेपणा सांगू नये ताई, सवय सांगावी. मोठेपणा सगळ्यांचा सारखाच असतो." थोडं चालल्यावर एकदम म्हणाले, "माझी पंचाईत होणार पण. मी झोपेत काय करतो ते सांगायला कोण आहे?" आणि आपल्याच विनोदावर मोठ्यानं हसले. मला हसता आलं नाही.

आता मंगलची गोष्ट.

मुरबाडच्या अंगाला डोंगराखाली उंबरवाडी म्हणून पाडा आहे. पाड्यात आणि रस्त्यात एक ओहळ आहे. ओहळ म्हणायचं, पण पावसाळ्यात ती नदीच. निवडणुकीत साहेबांची सभा त्या ओहळाच्या काठावर झाली होती आणि भाऊंनी सुरेशच्या खुर्चीत बसून तिच्यासाठी ओळ काढली होती: "या पाड्याची सून पाय न भिजवता माहेराहून सासरी येईल, तेव्हाच मी पुन्हा तुमच्यापुढं उभा राहीन." बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. साहेब निवडून आले. साकवाचा, म्हणजे ओहळावरच्या छोट्या पुलाचा, कागद कुठंतरी अडकला. दोन पावसाळे गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, एका पहाटे तिथल्या गोमा नावाच्या म्हाताऱ्याचा साहेबांच्या नंबरवर फोन आला. सुनेला, मंगलला, साप चावला होता. नवरा भिवंडीला गोदामात कामाला. भाऊंनी फोन घेतला, साहेबांच्या आवाजात. "बाबा, घाबरू नका. गाडी पाठवतोय. तुम्ही तिला रस्त्यावर आणा, गाडी येते, काय?" आणि खरोखरच त्यांनी दहा ठिकाणी फोन करून ॲम्ब्युलन्स काढली. ती वेळेत पोचलीही. पण पोचली ती अलीकडच्या काठावर. रात्रभर पाऊस झाला होता, ओहळ दोन्ही थड्या भरून चालला होता. मंगलला झोळीत घालून पाड्यातले लोक पलीकडे उभे आणि ड्रायव्हर इकडे दिवा फिरवत उभा. पाणी छातीएवढं उतरलं तेव्हा चौघांनी झोळी डोक्यावर धरून पार केली. तोवर उशीर झाला होता.

हे सगळं मला नंतर कळलं. दुपारी मी कार्यालयात होते तेव्हा एवढाच निरोप आला, की पोस्टमॉर्टम करून आणलेला मंगलचा देह लोकांनी फाट्यावर रस्त्यात ठेवलाय, दोन्हीकडच्या गाड्या अडवल्यात, आणि साहेब आल्याशिवाय उचलणार नाही म्हणतात. साहेब ठाण्याहून निघाले होते. भाऊ मला म्हणाले, "ताई, तुमी चला माझ्याबरोबर. बायका पुष्कळ आहेत म्हणे." जीपमध्ये त्यांच्या हातातला फोन वाजला तर उचलला नाही. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

फाट्यावर पाऊस थांबला होता. रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या कापडातली मंगल, तिच्या डोक्याशी भिंतीसारखा बसलेला तिचा नवरा, आणि शेजारी गोमाबाबा, गुडघ्यात मान घालून. पोलीस लांब उभे होते. आम्ही उतरलो तशी तरुण पोरं पुढं आली.

"कुठाय तुमचा साहेब? पाय न भिजवता सून आणणार होता ना? ही बघ आणली! ही बघ, ओली चिंब आणली!"

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. ती ओळ कोणाची होती हे तिथं फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्यांनी हात जोडले. "साहेब निघालेत. रस्त्यात आहेत. येतीलच, काय?"

गोमाबाबांनी मान वर केली. भाऊंकडे नीट पाहिलं.

"परत बोल."

"बाबा, साहेब येतातच..."

"फोनवर तूच होतास ना रे?"

भाऊंना नाही म्हणता आलं असतं. साहेब स्वतः बोलले असं ठासून सांगितलं असतं तर म्हाताऱ्याचं कोणी मनावर घेतलं नसतं, आणि भाऊंची नोकरी तेवढीच तर होती. ते खाली वाकले, म्हाताऱ्याच्या समोर ओल्या डांबरावर बसले आणि म्हणाले, "हो बाबा. मीच होतो. साहेब नव्हते."

"अरे, याला धरा!" एक पोरगा ओरडला. कोणीतरी भाऊंची कॉलर पकडून त्यांना उभं केलं. शर्टाचं बटण तुटलेलं मी पाहिलं.

"सोडा त्याला," गोमाबाबा म्हणाले. "त्यानं गाडी धाडली. गाडी आली होती. आमीच पलीकडं होतो."

कॉलर सुटली. याच्यापेक्षा त्या पोरानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर भाऊंना सोपं गेलं असतं, असं मला अजून वाटतं.

तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. साहेब होते. आम्ही दोघं जीपच्या आडोशाला गेलो. पलीकडून साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"भास्कर, मी टोकावड्याच्या अलीकडे आहे. वातावरण कसंय?"

"वाईट."

"दोन ओळी दे पटकन. शांत करणाऱ्या. मदत जाहीर करतो, साकवाचं बोलतो, पण सुरुवात दे."

भाऊ उभे राहिले. डाव्या हातानं त्यांनी स्वतःचा गाल चोळला. पहाटेपासून धावपळ, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. मी त्यांच्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे ओळ नाही असं झालं नव्हतं. जन्माला, लग्नाला, मरणाला, कशालाही ते ओळ काढायचे. आता त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

"भास्कर? हॅलो?"

जीपच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, ती झोळी पडली होती. एक जुनं लुगडं आणि बांबू. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. आणि मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. ओळ सुचली की तो जरा हसरा व्हायचा, तसा नव्हे. एखाद्यानं हाक मारल्यावर माणूस वळतो, तसं काहीतरी झालं.

"साहेब, आज बोलायचं नाय."

"म्हणजे?"

"गाडी मागंच सोडा. एकटे चालत या. चप्पल काढा. कोणी काय बोललं तर ऐकून घ्या. आणि तिला खांदा द्या. इथनं ओहळापर्यंत, ओहळातनं पलीकडं, पाड्यापर्यंत. ज्या वाटेनं तिला आणली त्या वाटेनं न्या."

"डोकं फिरलंय का तुझं? पाण्यात उतरू? माझा गुडघा..."

"पाणी आता कमरेएवढं आहे. मी धरतो तुमाला."

"आणि लोकांनी मारलं तर?"

"तर मारतील." भाऊंचा आवाज आता बारीक, किन्हवलीकडचा होता, साहेबांचा नव्हे. "साहेब, पहाटे मी तुमच्या तोंडानं त्यांना गाडी येते म्हणून सांगितलं. त्या सभेत तुमी माझ्या तोंडानं पाय भिजणार नाय म्हणून सांगितलं. आता बोलायला तुमच्याकडं पण काय उरलं नाय आन् माझ्याकडं पण. पाय तेवढे भिजवू."

मग साहेब म्हणाले, "थांब. येतो."

साहेबांबद्दल लोक काय काय बोलतात, मीही बोलते. पण त्या दिवशी तो माणूस आला. वळणावर गाडी सोडली, चपला सोडल्या, आणि मोठं पोट सावरत, लंगडत, एकटा चालत आला. पोरांनी दिलेल्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. ते काही बोलले नाहीत. गोमाबाबांच्या समोर हात जोडून उभे राहिले. म्हाताऱ्यानं एकदा त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाला, "उचला."

आम्ही बायका मागून ओहळापर्यंत गेलो. पाणी मातकट, ओढ अजून मोठी. तिरडीला पुढं मंगलचा नवरा आणि साहेब. साहेबांच्या मागे भाऊ, एका हातानं बांबू आणि दुसऱ्या हातानं साहेबांची कंबर धरलेली. मधोमध साहेबांचा पाय घसरला. तिरडी एका बाजूला कलली आणि काठावरच्या बायकांनी एकच आकांत केला. "मंगल गो!" भाऊ छातीपर्यंत पाण्यात गेले, पण त्यांनी दोन्ही सोडलं नाही, ना बांबू ना साहेब. मग पुढं जाऊन पलीकडच्या काठावर थांबलेली पोरं धावत पाण्यात उतरली. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या तीच. त्यांनी साहेबांना बखोट धरून वर ओढलं. सगळे पाड्याकडे गेले. भाषण झालं नाही.

पुढचं सांगायचं जिवावर येतं. साहेबांच्या मुलानं ठाण्याची एक कंपनी फोटो-व्हिडिओसाठी नेमली होती. तिचा माणूस साहेबांच्या मागोमाग आला होता आणि काठावरून सगळं टिपत होता, हे आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर. आठवड्यात नाक्यानाक्यावर बॅनर: कमरेएवढ्या पाण्यात साहेब, खांद्यावर पाड्याची सून. त्या फोटोत भाऊ साहेबांच्या आड गेले होते. साहेबांच्या कमरेवर फक्त त्यांची बोटं दिसत होती. पुढच्या छपाईत ती बोटंही काढून टाकली.

मी संतापून म्हणाले, "भाऊ, तुमी काही बोलत का नाय? हे सगळं तुमाला सुचलं."

ते म्हणाले, "ताई, मला ते याच्यासाठी सुचलं नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "पण कदाचित याच्यासाठीच सुचलं असेल. इतकी वर्षं मी दुसरं केलंय काय?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता.

त्या दिवसापासून त्यांनी साहेबांच्या आवाजात बोलणं सोडलं. फोन आला की म्हणायचे, "मी भास्कर वेखंडे बोलतोय. साहेबांना निरोप देतो." लोकांना ते आवडलं नाही. साहेब माजले, फोन घेत नाहीत, अशी कुरबूर सुरू झाली. साहेबांनी त्यांना समजावलं, मग चिडले, मग बोलायचंच कमी केलं. दोन ओळी कंपनीकडून यायला लागल्या, त्याही फोनवरच. भाऊ सुरेशकडे आठवड्यातून एकदा जायला लागले. एकच गोष्ट ते सोडत नव्हते, साकवाचा कागद. या टेबलावरून त्या टेबलावर तो ढकलत ते ठाण्याला, मुंबईला चकरा मारत राहिले, स्वतःच्या नावानं, बाकड्यावर बसून. व्हिडिओमुळे कोणाला नाही म्हणता येत नव्हतं, हेही खरं. साकव झाला. उद्घाटनाला भाऊ स्टेजवर नव्हते. कंपनीनं मंडप आपल्या कॅमेऱ्यांनी आणि बॅनरनी भरून टाकला होता. पण बाजाराच्या दिवशी कधीतरी गोमाबाबा कार्यालयाचा जिना चढून यायचे. टोपलीत करटोली, नाहीतर मूठभर वाल. साहेबांना भेटायचंय का, विचारलं तर मान हलवायचे. भाऊंच्या शेजारी बाकड्यावर बसायचे. दोघं फारसं बोलत नसत. चहा झाला की म्हातारा उठायचा.

पुढच्या निवडणुकीआधी साहेबांच्या मुलानं भाऊंना शाल दिली, नारळ दिला, आणि "आता आराम करा काका" म्हणाला. भाऊ किन्हवलीला गेले. पुण्याला का नाही गेलात, असं मी फोनवर विचारलं होतं. म्हणाले, "बोलावतात. पण तिकडं सगळ्यांचा टाइम ठरलेला आहे. माझा कुठं बसवायचा, याची त्यांना पंचाईत होते." मीही नंतर ती नोकरी सोडली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा. शहापूरहून एसटीनं किन्हवलीला गेले. घर झाडून लख्ख. ओटीवर एकच खुर्ची. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पायरीवर बसले. पोहे केले, मीठ जास्त पडलं होतं, ते दोनदा "जास्त झालं का?" म्हणाले आणि मी दोनदा नाही म्हणाले. पत्रिका सगळी वाचली, मुलाकडच्यांची गावं विचारली. मग घरामागं नेऊन काकडीचा वेल दाखवला, विहिरीचं पाणी किती वर आलंय ते दाखवलं, शेजाऱ्यांचा एक काळा कुत्रा दाखवला. तो आजकाल यांच्याच ओटीवर झोपतो. मला परतीची एसटी गाठायची होती. ते म्हणाले, "मी येतो ना स्टॉपपर्यंत."

स्टॉपवर कोणी नव्हतं. एसटी आली, मी चढले, खिडकीशी बसले. ते खिडकीखाली आले आणि सांगायला लागले: कुत्र्याला आधी भाकरी चालायची नाही, आता चालते, पलीकडचं घर मुंबईवाल्यांनी घेतलंय, पण ते कधी येत नाहीत, काकडी यंदा कडू निघाली नाही एकही. मी हो हो म्हणत होते. कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी सुटली तरी ते बोलतच होते आणि बोलत बोलत गाडीबरोबर चालायला लागले. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येईना. मी खिडकीतून मान हलवत राहिले, जणू सगळं समजतंय. गाडीनं वेग घेतला, ते मागं पडले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. वळणावर मी मागे पाहिलं तेव्हाही त्यांचा हात हलत होता. निरोपाचा नव्हता तो. काहीतरी समजावून सांगताना माणसाचा हलतो, तसा.